उंदीर माझा, चाल कुणाची?

घाई आणि नेमकेपणा या दोन गोष्टी एकच आहेत असं मानणाऱ्या माणसाच्या हातात आमच्या मालवणात कोणी होडीचं सुकाणू देणार नाही, शिंपी त्याच्या हातात कात्री देणार नाही आणि लग्नघरी त्याला कोणी वाढायलासुद्धा उभा करणार नाही. पण नेमक्या याच समजुतीवर चालणारं एक यंत्र आज घरोघरी, शाळेशाळेत, बँकेत आणि कचेरीत टेबलावर ऐटीत बसलेलं आहे. त्याला माउस म्हणतात. मी त्याला उंदीरच म्हणणार, कारण त्याची करणी उंदराचीच आहे. खुडबुड एका कोपऱ्यात आणि कुरतडलेलं धोतर दुसऱ्या कोपऱ्यात.

आता 'तुम्हाला यातलं काय कळतं?' हा प्रश्न येणार. आमच्या घरात तो दिवसातून चारदा येतोच, तेव्हा मला त्याची सवय आहे. तर माझी पात्रता अशी, की मी बत्तीस वर्षं एका हायस्कुलात चित्रकला शिकवली. फळ्यावर एका झटक्यात खडूने वर्तुळ काढणं आणि मागे वळून न बघता "शेवटच्या बाकावरचा, उभा राहा" असं म्हणणं, या दोन्ही कला मला साधलेल्या होत्या. पहिलीची परीक्षा एकदा एका तपासनिसांनी खडूला दोरी बांधून घेतली होती. दोरी हरली. अशा या हाताला परवा एका ठिकाणी, ठिकाण कुठलं ते विचारू नका, मला अजून याच गावात राहायचं आहे, खुर्चीवरचा विशीतला मुलगा म्हणाला, "आजोबा, तुमचो हात थरथरता. सरा बाजूक, मी करतंय."

हात थरथरत नव्हता. मला गावांच्या यादीतून पेंडूर निवडायचं होतं, सातबाऱ्यासाठी. कोकणातल्या सातबाऱ्यावर जमीन कमी आणि नावं फार, त्यामुळे तो उतारा बघायला माणूस बसतो तेव्हा त्याच्या मनावर आधीच ताण असतो. मी उंदीर हळू सरकवला, तर पडद्यावरचा बाण पावसाळ्यातल्या गोगलगायीसारखा जागचा हलेना. जरासा रेटला, तर पेंडूर मागे टाकून थेट पोईपला. परत आणला, तर पळसंबला. तीन गावं हिंडून झाली, एसटीचं तिकीट न काढता, पण पेंडूरला काही उतरता येईना. मागे रांगेत उभे असलेले चार जण 'च् च्' करत होते. त्या चौघांना, खुर्चीवरल्या मुलाला आणि बहुधा भिंतीवरच्या पालीलाही एकच खात्री होती, की दोष म्हाताऱ्याच्या हाताचा आहे. उंदराची चौकशी करावी असं एकाच्याही मनात आलं नाही. मी मात्र केली, आणि त्या चौकशीचा अहवाल म्हणजे हा लेख.

उंदराच्या पोटात पूर्वी रबराची गोळी असे. आता एक दिवा असतो, बहुधा तांबडा, आणि एक चिमुकला कॅमेरा. तो कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून अधिक फोटो काढतो. लग्नातला फोटोग्राफर नवऱ्यामुलीच्या मावशीचेसुद्धा इतके काढत नाही. एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत टेबल किती सरकलं ते तो मोजतो आणि ती पावलं संगणकाला कळवतो. हात एक इंच सरकला तर किती पावलं मोजायची, या हिशेबाला डीपीआय असं म्हणतात. ८०० डीपीआयचा उंदीर इंचाला ८०० पावलं मोजतो. पावलाला एक ठिपका धरला आणि पडदा १९२० ठिपके रुंद असला, तर या काठावरून त्या काठाला जायला हाताला २.४ इंच सरकावं लागेल. उंदीर १६०० चा असेल तर १.२ इंच. इथवर सगळं त्रैराशिक आहे. नव्या जमान्यात याला संवेदनशीलता म्हणतात, म्हणजे कमी डिवचलं तरी जास्त उसळणं. हा गुण आमच्या वाडीतल्या पुष्कळ माणसांत आहे, त्यामुळे समजायला जड गेलं नाही.

भानगड पुढेच आहे. उंदराने प्रामाणिकपणे मोजलेली पावलं संगणक जशीच्या तशी मांडत नाही. मध्ये एक कारकून बसवून ठेवला आहे. हा कारकून आधी बघतो, की समोरचा माणूस निवांत आहे की घाईत आहे. निवांत असेल तर त्याच्या पावलांतली काही परस्पर कापतो. घाईत असेल तर पदरची घालून वाढवून देतो. म्हणजे हात तेवढाच सरकला तरी बाण किती सरकेल, हे तुमच्या हातावर नाही, तुमच्या घाईवर ठरतं. शाळेच्या पुस्तकातलं त्वरण ते हेच, इंग्रजीत ॲक्सिलरेशन.

हा न्याय दुसरीकडे कुठे चालतो का बघा. मासळी बाजारात सुरमई तराजूत अलगद ठेवली तर पाऊण किलो आणि आपटली तर दीड किलो, असं वजन कोणी दाखवलं, तर समोरची बाई काय बोलेल ते छापता येणार नाही. शिंप्याची टेप घाईच्या दिवशी लांब होत नाही. मालवण-कुडाळ एसटीच्या ड्रायव्हरने चक्र तेवढंच फिरवलं, पण जरा झटक्यात फिरवलं, म्हणून गाडी दुप्पट वळली असती, तर धामापूरच्या तळ्यात आज पाण्यापेक्षा एसट्या जास्त दिसल्या असत्या.

आणि किल्ल्याकडे जाणारी होडी घ्या. सिंधुदुर्गाभोवतालचे खडक ज्यांनी ओहोटीला पाहिलेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. आमचा एक माजी विद्यार्थी तिथे होडी हाकतो. चित्रकलेत त्याला मी सलग तीन वर्षं पस्तीस मार्क दिले. तो सुकाणू धरतो तेव्हा ते कमी दिले असं वाटतं. त्याला मी हा सगळा प्रकार समजावून सांगितला. घाईने वळवलं तर सुकाणू आपल्या मनाने दुप्पट फिरेल, असं यंत्र तुला बसवून दिलं तर घेशील का, म्हणून विचारलं. त्याने विचारलं, "गुरुजी, ता बसवणारो होडयेत बसतलो काय?" एवढा मूलभूत प्रश्न त्या यंत्राच्या जन्मस्थानीसुद्धा कोणी विचारला नसावा.

ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी घरातली फूटपट्टी घ्यावी. टेबलावर उंदराच्या कडेने ती पक्की धरावी. बाण पडद्याच्या डाव्या काठाला आणून ठेवावा आणि उंदीर पट्टीच्या कडेने पाच सेंटिमीटर उजवीकडे न्यावा, अगदी सावकाश, जसं काही शेजारच्या खोलीत मूल झोपलंय. बाण कुठे थांबला तिथे नजर ठेवावी. आता तेच पाच सेंटिमीटर मागे यायचं, पण झटकन. बाण मूळ जागी येऊन गप्प राहायला तयार नसतो, काठावर जाऊन धडकतो. तेच पुन्हा झटकन उजवीकडे आणि सावकाश डावीकडे करून बघा. हात जिथून निघाला तिथे पोचतो आणि बाण भलतीकडेच राहतो. मी हा प्रयोग घरी एकवीस वेळा केला. बाविसाव्या वेळी हिने फूटपट्टी काढून घेतली, तिला फडताळातला झुरळांचा खडू काढायचा होता.

बरं, उंदीर जन्मतःच असा लबाड होता का? मुळीच नाही. त्याचं घराणं चांगलं आहे. डग्लस एंगलबार्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बिल इंग्लिश या त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ मध्ये पहिला उंदीर तयार केला. तो लाकडी होता! एक लाकडी ठोकळा, खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं, एक आडव्या चालीचं आणि एक उभ्या चालीचं, आणि वर एक बटण. त्याचा फोटो मी पाहिला तेव्हा क्षणभर वाटलं, हा आमच्या सावंतवाडीच्या चितार आळीतला! लाकडी आंबा, लाकडी केळं, लाकडी वांगं यांच्या टोपलीत तो सहज खपून गेला असता. तिथल्या कारागिराने वरून दोन डोळे आणि मिशा रंगवल्या असत्या, एवढाच काय तो फरक. ९ डिसेंबर १९६८ रोजी एंगलबार्टनी सॅन फ्रान्सिस्कोत भरसभेत तो चालवून दाखवला. १९७० मध्ये त्यांना पेटंट मिळालं.

१९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड, तेच बिल इंग्लिश आणि बेटी बर या तिघांनी उंदीर, जॉयस्टिक आणि बाणाच्या कळा यांची रीतसर शर्यत लावली. पडद्यावरचा शब्द कोण लवकर आणि न चुकता गाठतो, अशी. उंदीर जिंकला. त्यांनी दिलेलं कारण मला फार आवडलं. उंदराचा वेग माणसाचे डोळे आणि हात मिळून जितका वेग गाठू शकतात तितकाच निघाला. यंत्र म्हणून त्याची अडचण जवळजवळ होत नव्हती. म्हणजे त्याचं मोठेपण कशात, तर मध्ये मध्ये न करण्यात! हा गुण माणसांतही दुर्मीळ आहे. १९८१ च्या एप्रिलअखेर झेरॉक्स कंपनीने उंदरावर चालणारा स्टार नावाचा संगणक बाजारात आणला आणि १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, पण जिल्ह्याचा वाढदिवस सांगायची संधी आम्ही सहसा सोडत नाही.

मग मध्ये मध्ये करणारा तो कारकून आला. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत तो तसा अडाणीच होता. हाताने एक मर्यादा ओलांडली की पावलं दुप्पट करायची, सेटिंग वरचं असेल तर पुढची मर्यादा ओलांडल्यावर चौपट, एवढंच त्याला येई. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा हा कारकून शिकून-सवरून, भांग पाडून आला. दुप्पट-चौपटीच्या पायऱ्या गेल्या, वळणदार आलेख आले. नाव तर असं मिळालं, की ऐकून कोणीही खुर्ची द्यावी: 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'. मराठीत सांगायचं, तर 'बाणाचा नेमकेपणा वाढवा'. त्या नावाशेजारी एक चौकट आणि चौकटीत बरोबरची खूण, कारखान्यातूनच आलेली. नव्या घरात राहायला जावं आणि माजघरात आधीच कोणीतरी मामा म्हणून बसलेला असावा, तसं.

माझा खरा राग आहे तो या नावावर. गुत्त्यावर 'आरोग्य मंदिर' अशी पाटी लावली म्हणजे आत जाणाऱ्याची प्रकृती सुधारत नाही. पण पाटी काढायला मात्र माणूस कचरतो. 'नेमकेपणा' काढून टाका असं कोणाला सांगायची सोय राहिली नाही. मी एका सद्गृहस्थांना ती खूण काढायला सांगितलं, तर ते म्हणाले, "नको हो, आधीच माझा नेम चुकतो, त्यात नेमकेपणा काढून टाकला तर काय राहील?" हे गृहस्थ मूर्ख नाहीत. त्यांनी मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट वाचलं, आणि नीट वाचणाऱ्याचाच घात व्हावा अशी त्या पाटीची रचना आहे. 'घाईचा हिशेब धरा' असं सरळ लिहिलं असतं, तर कोणीही विचार केला असता, की मला घाई आहे का?

दुसरी बाजू आहे. तीही सांगतो, नाहीतर आमचा पुतण्या वर्तमानपत्रात पत्र लिहील. टेबल लहान आणि पडदा मोठा असेल तर त्वरणाने थोडक्या जागेत लांबचा पल्ला मारता येतो. लॅपटॉपवर तर बोटाखाली विड्याच्या पानाएवढी जागा असते, तेवढ्यात अख्खा पडदा हिंडायचा तर त्याशिवाय इलाज नाही. हात हळू असेल तेव्हा बाण आणखी हळू जातो, हेही काही बारीक कामांना बरं पडतं. आणि ज्यांचा हात वर्षानुवर्षं त्या कारकुनाबरोबर नांदलेला आहे, त्यांनी खुशाल नांदावं. माझं भांडण त्वरणाशी नाहीच. न विचारता ते माझ्या हातावर लादायचं, वर खोट्या नावाने लादायचं, आणि बाण चुकला की "आजोबा, हात थरथरता" म्हणायचं, हे कोणत्या पंचायतीत बसतं?

हात शिकतो कसा, हे या शहाण्यांनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बघावं. ही आडाळ्यावर बसून नारळ खवते तेव्हा तिचं लक्ष नारळाकडे कधीच नसतं. ते समोरच्यांकडे कोण पाहुणे आले, किती पिशव्या घेऊन आले, याकडे असतं. तरी खोबरं पांढरंशुभ्र निघतं, करवंटीचा एक कण येत नाही, बोटाला ओरखडा नाही. कारण चाळीस वर्षं खवणी होती तिथेच आहे आणि हात जेवढा फिरला तेवढंच खोबरं तिने काढलं आहे. पाहुणे उठून चालले म्हणून हिचा हात जरा झपझप फिरला आणि खवणी आपल्या मनाने दुप्पट आत घुसली, असं एकदा तरी झालं असतं तर आमच्या घरी सोलकढी बंद पडली असती.

पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच, म्हणजे लाकडी उंदराच्याही दहा वर्षं आधी, दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त लागतो. किती जास्त, त्याचं सूत्रही दिलं. माणसाचा हात हे असं सूत्रात बसणारं, इमानी जनावर आहे. आणि त्याच्यापुढे टेबलावर काय ठेवलंय, तर रोज वेगळ्या भावाने वजन करणारा तराजू. सकाळी निवांत असताना एक भाव, विजेची वेळ संपत आली की दुसरा!

आता गंमत ऐका. ही सगळी विद्या गुप्त आहे असं समजू नका. ती चौकट कुठे आहे, ते देशातल्या पंधरा वर्षांच्या पोरांना पाठ आहे. आमचा नातू मे महिन्यात डोंबिवलीहून येतो. आंबे, समुद्र, आजी या गोष्टी नंतर; आधी तो संगणकापाशी जाऊन ती खूण काढून टाकतो. का, म्हणून विचारलं. म्हणाला, "आजोबा, ते ऑन असलं ना की एम लागत नाही." एम म्हणजे नेम. तो बंदुकीचा खेळ खेळतो. म्हणजे बघा, खोट्या शत्रूला खोटी गोळी घालायची तर नेम खरा हवा, म्हणून तिथे खूण काढायची. आणि ज्याला खऱ्या जमिनीचा खरा गट नंबर निवडायचा आहे, खऱ्या खात्यातले खरे पैसे दुसऱ्याच्या खऱ्या खात्यात पाठवायचे आहेत, त्याच्या माथी ती खूण तशीच! सुट्टी संपली की नातू जाताना खूण परत घालून जायचा. हे कशाला, तर म्हणे, "तुमचं होतं तसं ठेवलं." संस्कार चांगले आहेत पोरावर.

खेळ आणि मस्करी बाजूला ठेवतो. आमच्या शेजारी पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. हिशेबात एक पैची चूक नाही, मनिऑर्डरींची पावती कधी हरवली नाही, अक्षर मोत्यासारखं. मुलाने त्यांना संगणक आणून दिला, शिकवला, आणि नोकरीवर निघून गेला. हे रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून संगणकापुढे बसत. बँकेच्या पानावर त्यांना एक बारीक चौकोन टिपायचा असे आणि बाण कधी अलीकडे, कधी पलीकडे. एकदा 'रद्द करा'वर गेला, एकदा नको तिथे 'मंजूर'वर. महिनाभराने त्यांनी संगणकावर भरतकाम केलेला रुमाल घातला. "माझं वय झालं मास्तर," म्हणाले. आता त्यांचा पासवर्ड बाजारातल्या एका टेबलावरच्या वहीत लिहिलेला आहे. वही कोणीही उघडावी. फोनवर ओटीपी आला की ते स्वतःच तो मोठ्याने वाचून दाखवतात, कारण तिथे पंखा फार आवाज करतो. आयुष्यभर दुसऱ्यांची टपालं न फोडता पोचवणाऱ्या माणसाने आपल्या तिजोरीची किल्ली अशी चारचौघांत द्यावी! ती चोराने नेली नाही, वयाने नेली नाही. पडद्यावरच्या एका चौकटीतल्या एका खुणेने नेली. मी त्यांच्याकडे जाऊन खूण काढली, पट्टी लावून दाखवली. त्यांनी पहिल्याच दमात तो चौकोन टिपला, मग हात मागे घेऊन स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. वहीतला पासवर्ड बदलून घ्या म्हणून मी मागे लागलो आहे. रुमाल अजून घडी घालून संगणकाशेजारीच ठेवलाय, पूर्ण विश्वास बसलेला नाही.

संगणक शिकवणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे. पोराला सायकल शिकवताना आधी आपण काय करतो? सीट खाली घेतो. न्हाव्याकडे लहान मूल गेलं तर तो खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून त्यावर मुलाला बसवतो. मुलाची मान वर ओढून लांब करत नाही. आणि संगणकाच्या वर्गात? लेफ्ट क्लिक, राइट क्लिक, डबल क्लिक, आणि डबल क्लिक जमलं नाही तर "हात जरा लवकर चालवा, काकू." अहो, दोन टिचक्यांमधलं अंतर किती चालेल, तेसुद्धा तिथेच शेजारी कमी-जास्त करता येतं! काकूंचा हात लवकर चालवण्यापेक्षा ती खिट्टी सरकवणं सोपं आहे, पण तसं केलं तर काकू पहिल्याच दिवशी शिकून जातील आणि मग तीन महिन्यांच्या फीचं काय करायचं?

कचेऱ्यांतून तर बोलायलाच नको. "सेटिंगक हात लावू नका" असं वाक्य तिथे देवळातल्या 'घंटा जोरात वाजवू नये' या पाटीच्या इतमामाने उच्चारलं जातं. सेटिंग कोणी केलं, कोणाच्या हाताला बघून केलं, हे विचारलं की उत्तर ठरलेलं, "वरून इला." आकाशातून पाऊस आणि आज्ञा यांच्याशिवाय आमच्याकडे दुसरं काही पडत नाही.

तेव्हा घरी ज्यांची सत्ता आहे त्यांनी तरी ती वापरावी. नव्या विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग माउस, इथे ती चौकट सापडते. जुन्यात कंट्रोल पॅनेल, माउस, आणि पॉइंटर ऑप्शन्स. खूण काढली की वेगाच्या दांडीवरची खिट्टी बरोबर मध्यावर आणावी. जुन्या पानावर अकरा रेघा आहेत, त्यातली सहावी. तिथे उंदराचं एक पाऊल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, असा रोकडा व्यवहार होतो. खिट्टी त्याच्या वर नेली तर बाण ठिपके गाळून उड्या मारतो आणि बारीक चौकोन टिपताना पुन्हा रडगाणं सुरू. वेग कमी-जास्त हवाच असेल तर बऱ्याच उंदरांच्या पाठीवर डीपीआय बदलायचं एक लहानसं बटण असतं, ते दाबावं. सगळेजण त्याला शोभेचं समजतात. पहिले दोन दिवस बाण जड वाटेल. चष्म्याचा नंबर बदलल्यावर जिना जसा खोल दिसतो, तसंच. टेबल काचेचं किंवा फार चकाकतं असेल तर उंदराखाली तपकिरी कव्हर घातलेली वही ठेवावी, नाहीतर कॅमेरा बिचारा कशाचा फोटो काढणार? डावखुऱ्यांनी उंदीर डावीकडे घेऊन बटणांची अदलाबदल करावी. आणि ज्यांचा हात खरोखरच थरथरतो, तेही माझ्यासारखेच कोणाचे तरी गुरुजी असतील, त्यांच्यासाठी माउस कीज नावाची सोय आहे, डावीकडची ऑल्ट आणि शिफ्ट धरून नम लॉक दाबलं की उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण एकेक पाऊल चालवता येतो. ही सोय असते हे मला एकाही खुर्चीवरल्या मुलाने सांगितलेलं नाही, आणि मी आजवर पुष्कळ खुर्च्यांसमोर उभा राहिलो आहे.

आमच्या घरी या मोहिमेचा तात्कालिक परिणाम असा झाला, की पुतण्या चिडला. तो त्या कारकुनाच्या हाताखाली वाढलेला. खूण काढल्यावर त्याला उंदीर मेल्यासारखा वाटायचा. मी खूण काढायची, त्याने घालायची, मी पुन्हा काढायची, असं आठवडाभर चाललं. शेवटी असं कळलं, की हे सेटिंग प्रत्येकाच्या नावाच्या खात्याबरोबर वेगळं राहतं. मग एकाच संगणकावर रीतसर वाटण्या करून घेतल्या. माझं खातं वेगळं, पुतण्याचं वेगळं. गेल्या आठवड्यात हिनेही एक मागून घेतलं. तिचा बाण पडद्यावर सर्वांत मोठा, बोटभर लांब आहे, आणि खिट्टी तिने तिसऱ्या रेघेवर आणून ठेवली आहे. पासवर्ड काय ठेवला, ते सांगत नाही.